भाषणाच्या क्लबला नवे सभासद टिकत नाहीत? या चुका टाळा

चारचौघांत बोलायचा सराव करणाऱ्या क्लबात मीटिंगला सहा-सातच डोकी दिसू लागली की पहिला विषय निघतो तो पोस्टरचा. त्याआधी पाहुण्यांची वही उघडा. गेल्या तीन महिन्यांत किती जण आले, त्यांतले पुन्हा किती फिरकले, सभासद किती झाले? कुणी आलंच नसेल, तर क्लब लोकांना माहीत नाही. येऊन फिरकले नसतील, तर दुखणं मीटिंगमध्ये आहे आणि पोस्टर लावून ते बरं होणार नाही.

आमच्या क्लबात एक बाई आल्या होत्या. शेवटच्या खुर्चीत बसल्या. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘टीएमओडी’, ‘जीई’ अशी अक्षरं. म्हणजे मीटिंगमधल्या भूमिका, त्या दिवसाचा सूत्रसंचालक आणि मुख्य मूल्यमापक, पण ते तिथे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या कागद उलटून मागे काही लिहिलंय का ते बघत होत्या. शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी बॅग. मीटिंग संपली तेव्हा आम्ही सगळे कोंडाळं करून पुढच्या वेळच्या भूमिका वाटत होतो. मान वर करून पाहिलं, तर खुर्ची रिकामी. त्यांचा नंबरही कुणी घेतला नव्हता. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चारचौघांत बोलायला घाबरणारा माणूस कसाबसा धीर गोळा करून येतो, आणि तो धीर परत परत होत नाही.

तेव्हापासून पाहुण्याशेजारी एक जुना सभासद बसतोच. पत्रिकेवर भूमिकांची नावं पूर्ण लिहिलेली असतात. आयत्या वेळच्या विषयावर पाहुण्याला न विचारता उभं करायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच: आपण विचारतच नाही. ‘पुन्हा या हं’ म्हणून निरोप देतो. त्याऐवजी ‘तुम्हाला बोलायला कशासाठी शिकायचंय?’ असं विचारा, उत्तर नीट ऐका आणि मग ‘सभासद व्हाल का?’ हे सरळ विचारा. दुसऱ्या दिवशी एक फोन करा. ग्रुपवर ढकललेला मेसेज फोनची जागा घेत नाही.

माणसं कमी असताना चार भाषणांचा घाट घालू नका. दोनच ठेवा, वेळेवर सुरू करा, वेळेवर संपवा. मूल्यमापन तेवढं कधीही वगळू नका. आपल्या बोलण्यावर कुणीतरी लक्ष देऊन दोन-तीन मिनिटं बोलतं, हे पाहुण्याला दुसरीकडे सहसा मिळत नाही.

टोस्टमास्टर्स या भाषणकलेच्या जागतिक संस्थेच्या क्लबांना मान्यता टिकवायला किमान 8 सभासद लागतात, त्यांत 3 आधीपासूनचे. सभासदत्वाचं नूतनीकरण 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला. तारीख जवळ आली की ओळखीपाळखीच्यांची नावं घालून आकडा भरला जातो. ती माणसं पुढच्या नूतनीकरणाला नसतात.

आणि अर्ज भरून घेतल्यावर हुश्श करून बसू नका. नवा सभासद दोन महिने नुसता श्रोता राहिला की गळतो. त्याच दिवशी त्याला एक मार्गदर्शक द्या आणि त्याच्या पहिल्या, चार ते सहा मिनिटांच्या ‘आइस ब्रेकर’ भाषणाची तारीख त्याच्यासमोरच वहीत लिहा.