सेकंड हँड लेन्स अडते, खडखडते, तेव्हा काय करावं

जुनी लेन्स हातात आली की आपण आधी काच बघतो. टॉर्च मारून बुरशी शोधतो, ओरखडे मोजतो. पण घरी आणल्यावर छळते ती बऱ्याचदा काचेभोवतीची यंत्रणा: घट्ट झालेली फोकस रिंग, तेलकट ॲपर्चर (उजेड कमी-जास्त करणारी पाती), हलणारा माऊंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी मागची रिंग). यातले काही दोष घरच्या टेबलावर निघतात, काहींना आपण हात लावू नये, आणि काही दोष नसतातच.

पैसे देण्याआधी

लेन्स पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळालेली असो की ओळखीतल्या कुणाची, दहा मिनिटं मागून घ्या आणि स्वतःचा कॅमेरा बरोबर न्या. सगळ्यात आधी माऊंटवरच्या स्क्रूंची डोकी पाहा. खाचा कुरतडलेल्या असतील, तर ती लेन्स कुणीतरी चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडलेली आहे. पुढच्या फिल्टर रिंगला पोचा असेल, तर ती पडलेली आहे. पोच्यापेक्षा त्या धक्क्याने आत काय सरकलं असेल याची काळजी जास्त.

मग लेन्स कानाजवळ धरून हळूच हलवा. स्क्रू सुटल्याचा किणकिण आवाज वाईट. पण इमेज स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) असलेल्या लेन्समध्ये वीज नसताना एक भिंग मोकळं असतं आणि ते ‘टकटक’ करतं. तो दोष नव्हे. झूम असेल तर तोंड खाली करून धरा. नळी आपोआप घरंगळली तर आतली पकड सैल झाली आहे. फोटोवर त्याचा परिणाम सहसा होत नाही, पण भाव कमी करून मागायला हरकत नाही.

फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सगळीकडे सारखीच जड असेल, तर ग्रीस वाळलं आहे. एकाच जागी अडत असेल, तर नळी वाकली असण्याची शक्यता आहे. पहिलं दुरुस्त होतं; दुसऱ्यासाठी मी लेन्स परत ठेवून देतो.

ॲपर्चर मंद आहे का, ते ओळखायचं असं

तेलकट पाती डोळ्यांना दिसतातच असं नाही, म्हणून ही परीक्षा घ्याच. एकसारखा उजेड असलेली भिंत निवडा, कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवा, आयएसओ बदलू नका. समजा एफ/२ ला शटर १/२००० ठेवून एक फोटो काढला. एफ/१६ म्हणजे पाती बरीच मिटलेली, सहा स्टॉप कमी उजेड (दर स्टॉपला निम्मा), म्हणून तिथे शटर १/३०. दोन्ही फोटो जवळपास सारखे उजळ यायला हवेत. एफ/१६ चा फोटो ठळकपणे उजळ आला, तर शटर उघडलं तेव्हा पाती पूर्ण मिटलीच नव्हती. फोकसच्या आट्यांमधल्या ग्रीसपासून तेल सुटतं, ते पात्यांवर पसरतं आणि पाती एकमेकांना चिकटतात.

मात्र हे प्रत्येक लेन्सला लागू नाही. हेलिओस ४४-२ सारख्या जुन्या लेन्सचं ॲपर्चर आपण हातानेच मिटवतो आणि ते तिथेच राहतं. अडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतानाही बहुधा तसंच. अशा लेन्सच्या पात्यांवर थोडं तेल असलं, तरी रिंगबरोबर पाती नीट फिरताहेत तोवर ती उघडू नका.

तेल घालू नका

माझ्या पहिल्या जुन्या ५० मिलिमीटरच्या लेन्सची फोकस रिंग घट्ट होती. मी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब फटीत सोडले. काही दिवस रिंग छान फिरली. पुढच्या उन्हाळ्यात तेच तेल पात्यांवर उतरलं आणि ग्रीस बदलण्याच्या कामाऐवजी अख्खी लेन्स खोलावी लागली. गंज सोडवण्याचे स्प्रे, सायकलचं तेल, गॅरेजमधलं ग्रीस यांपैकी काहीही लेन्समध्ये जाता कामा नये. लेन्स उन्हात ठेवून किंवा हेअर ड्रायरने गरम करून रिंग सैल होते खरी, पण पातळ झालेलं ग्रीस वाट मिळेल तिकडे वाहतं.

घरी करण्यासारखं

सोपं आधी. कॅमेरा लेन्स ओळखत नसेल किंवा कॅननवर ‘एरर ०१’ येत असेल, तर माऊंटवरचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसा. डाग राहिला तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलसर होईल इतकंच घ्या. खोडरबर घासू नका, मुलामा निघतो. पुसूनही एरर राहिला, ॲपर्चर पूर्ण उघडं असताना फोटो निघतो आणि मिटवलं की एरर येतो, असं असेल तर ॲपर्चरची पट्टीसारखी केबल तुटलेली असण्याचा दाट संभव आहे. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

माऊंट हलत असेल तर स्क्रू आवळायचे. इथे हत्यार महत्त्वाचं. जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाचे असतात. दिसायला फिलिप्ससारखे, पण फिलिप्सचं टोक त्यात नीट बसत नाही आणि डोकं कुरतडलं जातं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत बारीक हत्यारं शोधताना जेआयएस असंच सांगून मागा. नाही मिळालं तर मागवून घ्या, आहे त्यावर भागवू नका. लेन्स तोंडावर, मऊ कापडावर उभी ठेवा. स्क्रू ओळीने न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. बेताने, पितळी किंवा प्लॅस्टिकचे आटे एकदा गेले की गेले. माऊंट काढू नका. त्याखाली कागदासारख्या पातळ चकत्या असू शकतात आणि अनंताचा, म्हणजे फार दूरच्या वस्तूंचा, फोकस त्यांच्यावर ठरतो. एक जरी हरवली तर तो फोकस चुकतो.

अडकलेला फिल्टर बोटांनी जोरात आवळून धरला की किंचित लंबगोल होतो आणि आणखी रुततो. सपाट रबराचा तुकडा त्याच्या काठावर तळहाताने सारखा दाबा आणि फिरवा.

इथे थांबा

फोकसची नळी ज्या आट्यांवर सरकते, ते आटे अनेक तोंडांचे असतात. खोलताना दोन नळ्या नेमक्या कुठे सुटल्या त्याची खूण केली नाही, तर परत जोडताना चुकीचं तोंड लागतं; सगळं सुरळीत फिरतं, पण फोकस लागत नाही. ग्रीस बदलणं, पाती धुणं, मोटार किंवा स्टॅबिलायझर असलेली लेन्स उघडणं, ही कामं सरावलेल्या हातांकडेच द्या. देण्याआधी सिरीयल नंबरचा फोटो काढा, खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि बदललेले सुटे भाग परत मागा. कॅमेऱ्याबरोबरच मिळणाऱ्या १८-५५ सारख्या किट लेन्सचा अंदाज ऐकल्यावर बहुधा दुसरीच घेणं परवडतं.

परत आली की भिंतीचे ते दोन फोटो पुन्हा काढून आधीच्यांशी ताडून पाहा. मग हवा स्वच्छ असेल त्या सकाळी, दिसत असेल तर, गच्चीवरून सिंहगडावरच्या टॉवरवर फोकस लावा आणि स्क्रीनवर मोठं करून बघा. रिंग अनंताच्या खुणेशी असताना टॉवर धूसर आणि थोडी अलीकडे घेतल्यावर रेखीव, हे बऱ्याच ऑटोफोकस लेन्समध्ये मुद्दामच ठेवलेलं असतं. पण टोकापर्यंत फिरवूनही तो रेखीव होतच नसेल, तर त्याच दिवशी लेन्स परत घेऊन जा.