गुडघ्याखालचं टेंगूळ

बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालं, तासिका तत्त्वावर शाळा मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक म्हणाले, "सर, यंदा विभागीय स्पर्धेपर्यंत जायचं बरं का." इथंच माणूस चुकायला लागतो. मीही लागलो.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली. मैदान काळ्या मातीचं, पावसाळ्यात पाय निघत नाही आणि मार्चात भेगा. साहित्य म्हणजे एक गोळा, खो-खोचे खांब आणि ट्रॅक्टरचं जुनं टायर. ऑलिम्पिक धावपटू अविनाश साबळे आमच्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, त्यामुळे लेकरू जरा पळालं की बापाला ऑलिम्पिक दिसतं. मलाही दिसलं. 14 वर्षांखालच्या सगळ्या पोरांना मी एकच माप लावलं: रोज 100 बैठका, बेडूकउड्या आणि शाळेच्या पायऱ्यांवर उड्या.

आठवीतला एक पोरगा त्या वर्षी बांबूसारखा वाढत होता. "सर, घुडगा दुखतोय," म्हणाला. मी म्हणालो, "नाटकं नको," आणि वर दोन फेऱ्या जास्त दिल्या. दिवाळीच्या आधी त्याची आई शाळेत आली. "सर, लेकरू रातच्याला पाय धरून रडतंय." गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं होतं.

हे नीट समजून घ्या, बाकी काही विसरलात तरी चालेल. झपाट्याने वाढायच्या काळात हाडं आधी लांबतात, स्नायू मागे राहतात. मांडीचा ताणलेला स्नायू गुडघ्याखाली जिथं हाडाला जोडलेला असतो, ती जागा त्या वयात अजून कूर्चेची, मऊ असते. प्रत्येक उडीला तिथं हिसका बसतो. डॉक्टर याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ थांबली की ते बहुतेक वेळा आपोआप शमतं, पण तोवर उड्या आणि वेगाचं पळणं कमी करावं लागतं. मुलींची ही वाढ साधारण 12 व्या वर्षी जोरात असते, मुलांची 14 च्या आसपास. पण एकाच बाकावरच्या दोन पोरांत दोन-दोन वर्षांचं अंतर पडतं. म्हणून वयोगट फक्त स्पर्धेच्या फॉर्मसाठी. सरावाचा भार इयत्तेवर ठरवू नका.

मग ठरवायचा कसा? भिंतीवर पेन्सिलीने. दर तीन महिन्यांनी, अनवाणी, सकाळीच उंची मोजा. संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर दबतो. तीन महिन्यांत 2 सेंटिमीटरच्या वर गेला की मी त्याच्या उड्या निम्म्या करतो. पोराचे बूट अचानक लहान झाले तरी कान टवकारा, पाय उंचीच्या आधी वाढतात.

घाबरून ताकदीचा व्यायामच बंद करू नका. वजन उचललं की उंची खुंटते, हे गावागावांत ऐकाल. खोटं आहे. नजर ठेवून, हळूहळू वाढवत केलं तर लेकरं त्याने मजबूतच होतात. आधी नुसत्या अंगाने बैठक, मग हातात काठी, मग खताच्या गोणीत थोडी वाळू. आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये एक दिवस सुट्टी. मुलींना उडी मारून उतरायला वेगळं शिकवा. गुडघे आत वळले की तिथंच थांबवा.

जिमवाल्याचे प्रोटीन पावडरचे डबे शाळेत आणू देऊ नका. शेंगदाणे, फुटाणे, दूध, अंडं; सकाळी नुसत्या चहा-खारीवर आलेलं पोरगं पळवायचं नाही. आणि "ओकारी आली म्हणजे सराव झाला" म्हणणारे ज्येष्ठ गुरुजी भेटतील. नमस्कार करा, चहा पाजा, ऐकू मात्र नका. मी ऐकलं होतं.

तो पोरगा? दीड वर्षाने परत पळायला लागला. विभागाला नाही गेला. मला बघून अजून हसतो, त्याचं काय करावं कळत नाही.

एक आपल्याकडचंच राहिलं. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली पोरं मार्च-एप्रिलला परततात. चार-पाच महिने ना सराव, ना मोजमाप, आणि चड्ड्या आखूड झालेल्या. स्पर्धा जवळ असली तरी पहिले दोन आठवडे त्यांना निम्माच भार. पहिल्या दिवशी तर नुसतं भिंतीला उभं करायचं आणि रेघ मारायची.