निदानाच्या दिवसाचं रक्त: ईव्हीवर काम सुरू करताना

ल्युकेमियात हिमोग्लोबिन का उतरतं? कर्करोगाच्या पेशी अस्थिमज्जेत दाटी करतात म्हणून, एवढंच मी शिकले होते. मग उंदरांवरचे प्रयोग वाचले. एएमएल या तीव्र ल्युकेमियाच्या पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्यांमधून मायक्रोआरएनए १५० आणि १५५ (जनुकांचं काम दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे) निरोगी मूळपेशींत पोचतात, तिथलं सी-एमवायबी हे रक्तनिर्मितीला लागणारं जनुक दाबतात आणि रक्त तयार होणंच मंदावतं. या पिशव्या म्हणजे एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स. प्रयोगशाळेत आम्ही नुसतं ईव्ही म्हणतो. त्याच आठवड्यात मी विषय पक्का केला.

पहिले चार महिने मात्र मी भलत्याच पिशव्या मोजत होते. रक्त एकदाच सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा उणे ८० अंशांवर ठेवला होता. त्यात प्लेटलेट्स राहिल्या होत्या. गोठवताना-वितळवताना त्या फुटल्या आणि त्यांचे तुकडे मोजणीत आले. नॅनोपार्टिकल ट्रॅकिंगचा, म्हणजे द्रवातले सूक्ष्म कण मोजणाऱ्या तंत्राचा, आलेख इतका देखणा यायचा की शंकाच आली नाही. मग वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं ओळखणाऱ्या चाचणीत, सीडी४१ची पट्टी उठली, गडद काळी. सीडी४१ ही प्लेटलेटची खूण. पीटर वुल्फ यांनी १९६७ साली ज्यांना 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं, तीच धूळ मी ल्युकेमियाची म्हणून मोजत होते.

हे तुमच्या वाट्याला येऊ नये. रक्त सायट्रेटच्या नळीत घ्या, कारण हेपॅरिन पुढे पीसीआर बिघडवतं. २,५०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या २,५०० पट जोराला) १५ मिनिटं, असं दोनदा फिरवा आणि दोन्ही वेळा तळालगतचा प्लाझ्मा उचलायचा मोह टाळा. ट्रॅकिंगला लिपोप्रोटीनचे (रक्तातली चरबी वाहणारे) कण आणि ईव्ही यांतला फरक कळत नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. सीडी६३, सीडी८१ या ईव्हीच्या खुणा बघा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा. पेशी वाढवून ईव्ही गोळा करणार असाल तर गाईच्या सीरममध्ये मुळातच ईव्ही असतात, तेव्हा पेशी न घातलेल्या माध्यमाचं कंट्रोल तुलनेसाठी हवंच. मायसेव्ह २०२३ (MISEV2023) ही ईव्हीच्या अभ्यासाची मार्गदर्शक तत्त्वं सुरुवातीलाच नीट वाचा. मी ती उशिरा उघडली.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. चूक कळली तोवर त्या रुग्णांची केमो सुरू झाली होती. निदानाच्या दिवसाचं रक्त एकदाच मिळतं. आता नळी हातात आली की मी आधी रक्त काढल्याची वेळ वहीत लिहिते आणि उठून थेट सेंट्रिफ्यूजकडे जाते.