एडीएचडी असताना स्वयंपाक आणि बेकिंग: या चुका टाळा

दूध गॅसवर ठेवायचं, ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून आत जायचं आणि करपल्याचा वास आल्यावर धावत यायचं. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूची जडणघडण, असलेल्यांना हे रोजचंच. मीही त्यातलीच. हा निष्काळजीपणा नव्हे. एक काम करताना दुसरं ध्यानात धरणारी स्मृती आमच्या हातून चटकन निसटते, वेळेचा अंदाजही चुकतो. म्हणून लक्षात ठेवायचं काम शक्य तितकं वस्तूंवर सोपवावं.

सगळ्यात महागात पडते ती मोबाइलवर टायमर लावायची सवय. तो बंद करायला फोन उचलला की मेसेज दिसतो आणि गॅस तसाच राहतो. गळ्यात अडकवता येईल असा वेगळा टायमर घ्या. वाजला की आधी गॅसच्या बटणापाशी जा, मगच आवाज बंद करा. मला सर्वाधिक उपयोग याच सवयीचा झाला. तेल तापत असेल तर मात्र टायमरवरही भिस्त नको, जागेवरून हलूच नका. तेलाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतू नका. गॅस बंद करून भांड्यावर झाकण सरकवा.

बेकिंगची गोष्ट वेगळी. ‘सोडा घातला का?’ याचं उत्तर मिश्रणाकडे बघून मिळत नाही. सगळे जिन्नस आधी मोजून डावीकडे मांडा. घातला की त्याची वाटी उजवीकडे. डावीकडे दिसतंय ते घालायचं राहिलंय. कप मोजताना ‘हा दुसरा की तिसरा?’ असं होतं, म्हणून वजनकाटा बरा: २५० ग्रॅम मैदा एकदाच मोजायचा. आणि ओव्हन आधी लावा. ओल्या, आंबट मिश्रणात सोडा पडला की वायू लगेच सुटू लागतो. ओव्हन तापायची वाट बघत बसलात तर केक नीट फुगत नाही.

कृती शेवटपर्यंत न वाचता सुरुवात करू नका; ‘रात्रभर भिजवा’ नेमकं मधेच सापडतं. उरलेलं अन्न पारदर्शक डब्यात, फ्रिजमध्ये पुढे ठेवा. दिसलं नाही की ते विसरलंच.

‘भूक लागली की बघू’ या चुकीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एडीएचडीच्या काही औषधांनी दिवसा भूक मरते आणि संध्याकाळी एकदम कडकडून लागते. तेव्हा भाजी चिरायचंही त्राण नसतं. अशा वेळेसाठी चिरलेल्या भाज्या, उकडलेली अंडी आधीच तयार असू द्या.