नव्या बाबाला सुट्टी द्यायचीये? मग नीट द्या
पॉलिसीत सुट्टी लिहून ठेवली म्हणजे झालं असं नसतं, कारण बॉसने तोंड वाकडं केलं की माणूस चार दिवसांत परत येऊन बसतो, त्यामुळे आधी मॅनेजर लोकांनीच स्वतःची सुट्टी पूर्ण घ्यायची, त्यांना बघून मग बाकीचेही घेतात. स्वीडनने १९७४ मध्येच आईसोबत बाबालाही पगारी रजा दिली, पण बरीच वर्षं ती घेतली मुख्यतः बायकांनीच, मग १९९५ मध्ये एक महिना बाबासाठीच राखीव केला, नाही घेतला तर वाया, तेव्हा कुठे पुरुष घरी थांबायला लागले! आता तिथे दोघांना मिळून ४८० दिवस आहेत, त्यातले प्रत्येकी ९० राखीव.

तुम्हीही तेच करा. पूर्ण पगार द्या, अर्ध्या पगारावर कोण घेणार? सलगच घ्या अशी सक्ती नको, थोडी बाळ आल्यावर आणि थोडी आईची रजा संपल्यावर घेऊ द्या (खरी तारांबळ तेव्हाच उडते). दत्तक घेणाऱ्यालाही तेवढीच. काम कोण बघणार ते दोन महिने आधी ठरवा आणि सुट्टीत "फक्त एक मिनिट" वाले फोन बंद. परत आल्यावर पहिले काही आठवडे कामाचे तास कमी ठेवा, झोप झालेली नसते हो त्याची. आणि अप्रेझलला ही सुट्टी मधे आणायची नाही.