रानातले सेन्सर लांबून सांभाळायचे कसे

एक-दोन बोर्ड, म्हणजे सेन्सर जोडलेली छोटी सर्किटं, असले की लॅपटॉप घेऊन रानात जायचं, केबल लावायची, प्रोग्राम टाकायचा, झालं. पण निपाणी, अथणी, खानापूर असे पसरलेले ओलावा मोजणारे ४०-५० बोर्ड झाले आणि त्यात ऊस डोक्यावर गेला की प्रत्येकाजवळ जाणं होत नाही बघा, म्हणून बोर्ड रानात लावायच्या आधीच ही तयारी करा.

पहिलं म्हणजे सेटिंग आणि फर्मवेअर, म्हणजे बोर्डावर चालणारा प्रोग्राम, वेगळं ठेवा. किती मिनिटांनी रीडिंग पाठवायचं, ओलावा कितीच्या खाली गेला की अलर्ट द्यायचा, हे कोडमध्ये लिहिलं तर खानापूरच्या पावसाळ्यासाठी एक फर्मवेअर आणि अथणीच्या उन्हाळ्यासाठी दुसरं, असं सांभाळत बसावं लागतं. ईएसपी३२ या वायफायच्या चिपवर एनव्हीएस म्हणून फ्लॅशचा (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीचा) वेगळा भाग असतो, सेटिंग त्यात टाका, ओटीएनं, म्हणजे केबल न लावता हवेतून, नवीन फर्मवेअर गेलं तरी ते तसंच राहतं.

सेटिंग पाठवायला एमक्यूटीटी बरं, त्यात ब्रोकर नावाचा मधला सर्व्हर मेसेज घेतो आणि ज्यानं तो टॉपिक, म्हणजे मेसेजचा पत्ता, सबस्क्राइब केलाय त्याला देतो. प्रत्येक बोर्डाला स्वतःचा टॉपिक द्या आणि मेसेज रिटेन करून (ब्रोकरला जपून ठेवायला सांगून) पाठवा, म्हणजे बोर्ड झोपलेला असू दे नाहीतर लाईट गेलेली असू दे, परत जोडून सबस्क्राइब केलं की ब्रोकर शेवटची सेटिंग लगेच देतो. पण पाठवलं म्हणजे लागलं असं धरू नका! कुठल्या नंबरची सेटिंग चालू आहे ते बोर्डानं रीडिंगसोबत परत कळवलंच पाहिजे. आलेली व्हॅल्यू बोर्डानं तपासायची पण, ० मिनिटं असं चुकून गेलं तर तो झोपणारच नाही आणि बॅटरी संपेल. बोर्डाचा आयडी मॅक अ‍ॅड्रेसवरून (चिपच्या स्वतःच्या नंबरावरून) घ्या, रानाचं नाव शीटमध्ये ठेवा, बोर्ड उद्या दुसऱ्या रानात जातोच की.

आता फर्मवेअर, इथं खरी काळजी. फ्लॅशमध्ये दोन ओटीए पार्टिशन, म्हणजे फर्मवेअरसाठी दोन वेगळे भाग, ठेवा, नवीन फर्मवेअर रिकाम्या भागात उतरतं आणि जुनं तसंच राहतं. रोलबॅकचा (बिघडलं तर जुन्यावर परत जायचा) ऑप्शन मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे फर्मवेअर बनवतानाच्या सेटिंगच्या मेनूत, आपण चालू करावा लागतो, तो बूटलोडरमध्ये (बोर्ड चालू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) जातो आणि नेहमीच्या ओटीएनं बूटलोडर किंवा पार्टिशन टेबल (फ्लॅशच्या भागांची यादी) बदलत नाही, म्हणून हे आधीच करायचं. नवीन फर्मवेअरनं नेट जोडून, ब्रोकरला एक रीडिंग पोचवूनच स्वतःला ओके म्हणायचं, ठराविक वेळेत जमलं नाही तर रीस्टार्ट व्हायचं, मग बूटलोडर जुन्यावर परत नेतो. नुसतं बूट झालं म्हणून ओके करू नका, वायफायचाच कोड बिघडला असेल तर त्या बोर्डापर्यंत परत पोचायचं कसं?

सगळ्यांना एकदम तर कधीच पाठवू नका. आधी टेबलावरच्या एका बोर्डावर, मग घराजवळच्या दोघांवर, एक दिवस रीडिंग बघा, मग थोडे थोडे करून बाकीचे, आणि बॅटरी कमी असलेले मागं ठेवा.

वायफाय पोचत नाही तिथं लोरावॅन, म्हणजे थोडा डेटा लांबवर नेणारा रेडिओ, भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. त्यात क्लास ए चा बोर्ड स्वतः काही पाठवल्यावरच थोडा वेळ ऐकतो, त्यामुळे चार-पाच बाइटची सेटिंग जाते पण पोचायला पुढच्या रीडिंगपर्यंत थांबावं लागतं. अख्खं फर्मवेअर त्यावरून पाठवणं फार हळू, त्यापेक्षा सोबत वायफायही असलेला बोर्ड घ्या आणि अपडेटपुरता बांधावर मोबाईलचा हॉटस्पॉट लावा.