मेहलच्या नावाची नाणी आणि कागद जमवताय? या चुका टाळा

अमेरिकेत नाण्यांचा छंद घराघरांत पोचवला तो टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या बी. मॅक्स मेहलने. बुटांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या या पोराने १९०३ साली पहिली जाहिरात दिली, आणि १९५७ मध्ये वारेपर्यंत वर्तमानपत्रं, मासिकं, रेडिओ काही म्हणजे काही सोडलं नाही. त्याची भावपुस्तकं, लिलावाचे कॅटलॉग, छापील लिफाफे आणि त्याच्या हातून गेलेली नाणी आजही लोक हौसेने जमवतात. पण ज्या जाहिरातबाजीने त्याचं नाव झालं, तिच्यातच नवखे अजूनही अडकतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘स्टार रेअर कॉइन एन्सायक्लोपीडिया’ या पुस्तकात. मेहल ते एक डॉलरला टपालाने विकायचा, आणि अक्षरशः ढिगाने विकायचा. त्यामुळे प्रत ऐंशी-नव्वद वर्षं जुनी असली तरी दुर्मिळ नसते. साधी प्रत आजही थोड्या डॉलरमध्ये मिळते, हजारो रुपये सांगणाऱ्याला सरळ नमस्कार करा. दुसरं म्हणजे आत छापलेला भाव हा त्या काळी मेहल स्वतः काय देईल याचा. तो नाण्याचा आजचा बाजारभाव नाही, तेव्हाचा विक्रीभावही नाही.

त्याची गाजलेली जाहिरात होती १९१३ च्या लिबर्टी निकेलची, म्हणजे लिबर्टीचा चेहरा असलेल्या पाच सेंटच्या नाण्याची: आणून द्या, ५० डॉलर घ्या. अशी नाणी ज्ञात आहेत फक्त पाच, आणि जाहिरातींचा धडाका चालू असतानाची बरीच वर्षं ती पाचही कर्नल ग्रीन या एकाच धनाढ्याकडे होती. म्हणजे सुट्ट्या पैशांत ते नाणं सापडणं शक्यच नव्हतं. खपायचं होतं ते पुस्तक. (ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो मिळतात, आधी फी भरा, हे आपल्याकडचे मेसेज त्याहून वाईट. मेहल निदान पुस्तक तरी द्यायचा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये अशा ऑफरबद्दल लोकांना सावधही केलं होतं.) पाचांपैकी एक निकेल पुढे मेहलनेच १९४४ च्या ओल्सन संग्रहाच्या विक्रीत काढलं आणि ते इजिप्तच्या राजा फारूककडे गेलं.

त्यामुळे ‘मेहलवालं १९१३ चं निकेल’ समोर आलं की आधी चित्र बघा. रानरेडा आणि अमेरिकेतल्या मूळनिवासी माणसाचा चेहरा असेल तर ते त्याच वर्षी सुरू झालेलं बफेलो निकेल, लाखोंनी पाडलेलं. लिबर्टीचा चेहरा असेल तर दहापट भिंग घ्या आणि सालाच्या शेवटच्या दोन आकड्यांभोवतीचा सपाट भाग तिरप्या उजेडात पाहा. १९०३, १९१० किंवा १९१२ चा आकडा खरवडून बदललेला असला तर तिथे ओरखडे, खळगा किंवा वेगळी चमक दिसते. मग नाणं उलटवा. ‘सेंट्स’ या शब्दाच्या डावीकडे ठिपक्याजवळ बारीक डी किंवा एस असेल तर विषय संपला: ही टांकसाळ-चिन्हं लिबर्टी निकेलवर फक्त १९१२ सालीच आली, अस्सल पाचांवर ती नाहीत.

दुसरी मोठी चूक म्हणजे लिफाफ्यावर विश्वास ठेवणं. मेहलचं नाव छापलेलं कोरं पाकीट सहज मिळतं, आत कुठलंही नाणं घालता येतं. नाणं त्याच्या विक्रीतलंच आहे असं कुणी म्हणत असेल तर विक्रीचं नाव आणि लॉट क्रमांक मागा. १९४१ च्या डनहॅम संग्रहासारख्या त्याच्या मोठ्या टपाली बोल्यांचे कॅटलॉग न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टल या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. त्यात त्या नाण्याचा फोटो असेल तर ओरखडे, डाग, कडेवरचे ठोके एकेक करून जुळवा. फोटो नसेल तर नुसत्या वर्णनावर जाऊ नका. मेहलच्या विशेषणांना आवर नव्हता, आणि नाण्याच्या स्थितीला गुण देणारी आजची ७० गुणांची प्रतवारी तेव्हा नव्हतीच. असं नाणं साध्या नाण्याच्या भावाने घ्या, नावाचे जादा पैसे देऊ नका.

कॅटलॉग घेताना फोटोंची पानं आणि आलेल्या किमतींची सुटी यादी जागेवर आहे का, हे आधी विचारा. नेमकं तेच गायब असतं.

भारतात बसून घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपूर्वीचं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘आधी मागवू, मग तपासायला अमेरिकेत परत पाठवू’ हा बेत इथेच अडकतो. महागडं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रतवारी देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्या आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर, पैसे देण्याआधी, पडताळा.

आणि नाणं हातात आल्यावर चिंच नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर नकोच. घासलेल्या नाण्याची किंमत जाते ती परत येत नाही. जुन्या मऊ प्लास्टिकच्या (पीव्हीसीच्या) पाकिटामुळे हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध अॅसिटोन काचेच्या वाटीत घ्या, खिडकी उघडी ठेवा, गॅसपासून लांब बसा आणि नाणं थोडा वेळ बुडवून ठेवा. चोळू नका, आपोआप वाळू द्या. त्यानंतर पीव्हीसी नसलेल्या पाकिटात घाला. मेहलचा मूळ कागदी लिफाफा वेगळा ठेवा, कारण जुन्या कागदातल्या आम्लाने आणि गंधकाने नाणं काळवंडतं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. आणि भावपुस्तकाचं पान सुटलं तर सेलोटेप लावू नका, त्याचा पिवळा डाग कायमचा बसतो.